परिच्छेद बारा

तुम्ही विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही. पण ही कुणाकडून तरी ऐकलेली गोष्ट नाही. जिच्यावर हा प्रसंग आला ती माझी चुलत बहीण आहे, आणि तिच्या हातातला तो कागद मी स्वतः वाचलाय.

रात्र नव्हती. शनिवारची दुपार होती. दोन वाजून दहा मिनिटं. वकिलांचं ऑफिस, तिसरा मजला, खिडक्यांतून लख्ख ऊन.

बहीण तिथले कॉम्प्युटर सांभाळायची. वकिलांना कायदा तोंडपाठ, पण फाईल उघडेना की हातपाय गळायचे. मग हिला हाक. हिचं पहिलं उत्तर ठरलेलं असायचं, "आधी बंद करून चालू करा." म्हणून सगळे तिला 'रिस्टार्ट' म्हणायचे. नाव चेष्टेचं, पण तिच्याशिवाय तिथलं पान हलत नव्हतं.

त्या दिवशी सगळे लवकर घरी गेले होते. हीसुद्धा निघतच होती, तेवढ्यात मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे ऑफिसच्या मालकीणबाई, मोठ्या वकील.

"अगं, सोमवारच्या प्रतिज्ञापत्रातल्या परिच्छेदांचे नंबर बिघडलेत. सातनंतर परत तीन येतोय. चारपर्यंत नीट करून पाठव."

"पाठवते. पाच मिनिटांचं काम आहे."

खरंच तेवढंच होतं. नंबर रुसले की त्यांच्याशी हुज्जत घालायची नाही, हे ती सगळ्यांना सांगायची. मजकूर उचलायचा, कोऱ्या फाईलमध्ये मांडणी सोडून नुसता चिकटवायचा, नंबर नव्याने द्यायचे. तिने तेच केलं. एक ते अकरा, ओळीने उभे राहिले.

ती फाईल सेव्ह करायला गेली...

अकराच्या खाली बारा होता. रिकामा.

तिने पुसला. तो परत आला.

आणि त्याच्यापुढे अक्षरं उमटायला लागली. एकेक. सावकाश. दोनच बोटांनी टाइप करणाऱ्या माणसासारखी.

"१२. मी शपथेवर सांगते की टायपिस्टच्या कॉम्प्युटरवरचा क्लीनर त्या दिवशी मीच बंद केला होता."

तिने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले.

क्लीनर म्हणजे एक छोटं सॉफ्टवेअर. फाईल विरुद्ध बाजूच्या वकिलाला जाण्याआधी ते आतले शेरे, खाडाखोड, सगळी लपलेली माहिती काढून टाकतं. तीन वर्षांपूर्वी एक फाईल तशीच गेली. समासात मॅडमचे शेरे, आपलाच पक्षकार कुठे खोटं बोलतोय त्याचे. केस हातची गेली.

दोष आला टायपिस्टवर. सगळे त्यांना 'भाऊ' म्हणायचे. सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेला माणूस. "मी क्लीनरला हात लावला नाही," एवढंच ते म्हणत राहिले. त्यांना त्याच दिवशी काढलं. आठ महिन्यांनी ते गेले.

क्लीनर बंद केला होता माझ्या बहिणीने. भाऊंचा मेल अडकत होता म्हणून, दहा मिनिटांसाठी. परत चालू करायचं राहून गेलं. आणि बोभाटा झाला तेव्हा तिने क्लीनर बंद केल्याची नोंदच पुसून टाकली होती.

हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

तिने इंटरनेटची वायर उपटली. कुणी बाहेरून शिरलं असेल तर आता थांबेल.

थांबलं नाही.

"१३. त्याची नोंद मी पुसली."

तिने डिलीटचं बटण दाबलं...

ते दबेना. खालून कुणीतरी बोट लावून धरावं, तसं ते तिच्या बोटाला वर ढकलत होतं.

समासात एक शेरा उघडला. वर लिहिणाऱ्याचं नाव होतं. भाऊंचं. ते नाव कॉम्प्युटर वापरणाऱ्यांच्या यादीतून तिने स्वतःच्या हाताने काढलेलं.

"मध्ये बोलू नकोस. माझं अजून व्हायचंय."

तिने भिंतीवरचं बटण बंद केलं. स्क्रीन काळी झाली. पंख्याचा, एसीचा, खालच्या रस्त्याचा... सगळाच आवाज गेला. कान बंद झाल्यासारखं वाटलं.

मग तिच्या पिशवीतल्या लॅपटॉपचा पंखा फिरायला लागला.

पिशवीची चेन बंद होती. तिने लॅपटॉप बाहेर काढून उघडला. तीच फाईल समोर.

"१४. भाऊंना बाहेर काढलं तेव्हा मी दारातच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोनमध्ये डोकं घातलं."

"१५. ते गेल्याचं कळल्यावर डोकं दुखतंय म्हणून मी घरी राहिले. डोकं दुखत नव्हतं."

"भाऊ, चुकलं माझं," ती म्हणाली. रिकाम्या ऑफिसात, मोठ्याने.

समासात उत्तर आलं.

"माहीत आहे. सही कर."

तिची डिजिटल सही एका टोकनवर होती, पेनड्राइव्हसारख्या. ते लॅपटॉपला लावल्याशिवाय आणि पिन दिल्याशिवाय सही होत नाही. टोकन पर्समध्ये होतं. तिने ते काढून मुठीत आवळून धरलं, कुणी हिसकावून घेईल अशा भीतीने.

स्क्रीनवर पिनच्या चौकटीत सहा ठिपके भरले गेले. एकेक...

सही झाली.

तिच्या मुठीतलं टोकन चटका बसेल इतकं तापलं होतं.

लगेच मॅडमचा फोन.

"हे काय पाठवलंस तू मला?"

"मी काहीच पाठवलं नाही."

"खाली तुझी सही आहे. खरं आहे का हे?"

"खरं आहे."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सोमवारपासून येऊ नकोस. आणि हे सगळीकडून पुसून टाक. बाहेर गेलं तर ऑफिसची अब्रू जाईल."

तिने पुसलं नाही. कागदावर छापलं, मला वाचायला दिलं आणि दुसऱ्या दिवशी भाऊंच्या घरी गेली.

भाऊंच्या पत्नीने, वहिनींनी, दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतूनच कागद घेतला. उभ्याउभ्या वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"ही सही तुम्ही केलीत?"

"नाही, वहिनी. ती... आपोआप झाली."

"मग आता करा. माझ्यासमोर."

वहिनींनी पेन दिलं. बहिणीने भिंतीला कागद टेकवून सही केली. पूर्ण नाव लिहिलं.

"ते रोज जेवताना एकच विचारायचे," वहिनी म्हणाल्या, "माझा हात लागला असेल का गं चुकून? शेवटी त्यांना स्वतःचीच खात्री राहिली नव्हती." मग कागद आत घेतला. "या, बसा, असं मी म्हणणार नाही."

दार लागलं.

आता सगळं मिटलं, असं बहिणीला वाटलं होतं.

मिटलं नाही.

तिने लॅपटॉप विकला. टोकन मोडलं. नोकरी बदलली. तरी दर शनिवारी दुपारी तिच्या फोनवर ती फाईल येते. पाठवणाऱ्याची जागा कोरी. आणि दर वेळी शेवटी एक नवा परिच्छेद असतो. ऑफिसचा, भाऊंचा त्यात काही संबंध नसतो. लहानपणचं, माहेरचं, सासरचं... तिने केलेलं आणि कुणाला न सांगितलेलं.

"खोटं असतं का त्यात काही?" मी विचारलं.

"एक अक्षरही नाही."

गेल्या शनिवारी एकतिसावा परिच्छेद आला. ती मला फोन दाखवायला तयार नाही. एवढंच म्हणाली, "यात तू पण आहेस."

आम्ही दोघांनी मिळून एकदाच काहीतरी केलं होतं. मी बारा वर्षांचा होतो, ती चौदाची. आजवर आम्ही त्याबद्दल एकमेकांशीही बोललेलो नाही.

आज शुक्रवार आहे. माझा फोन मी आत्ताच बंद करून ठेवलाय.