वर्षालीचं खाली वजन

सिंदी रेल्वे गावाच्या बाहेर, सेलूच्या रस्त्याला अंकुशरावांचा धरमकाटा आहे. ट्रक भरून आला की लोखंडी पाट्यावर चढतो, त्याचं भरती वजन होतं. माल उतरवून परत आला की खाली वजन. दोन्हींतला फरक म्हणजे माल. गणित एवढं सोपं, पण ते करणारा कॉम्प्युटर सोळा वर्षांचा. म्हणजे अंकुशरावांच्या वर्षालीच्याच वयाचा, फक्त ती धावायची आणि तो रांगायचा. कापसाच्या हंगामात दिवसातून चारदा गोठायचा. दोन जिनिंगवाल्यांनी कंटाळून आपल्या गाड्या दुसऱ्या काट्याकडे वळवल्या होत्या. तिसरा गेला की काट्याला कुलूप, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

अख्खा नवा कॉम्प्युटर घ्यावा की जुन्याच डब्यात मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलावा, यावर महिनाभर काथ्याकूट झाला. वर्षालीनं अकरावीच्या वहीत सगळं मांडून दाखवलं: नव्यात काट्याची वायर खोचायला जागाच नसते, बोर्ड मात्र तसा शोधून आणता येतो. कॉलेजच्या प्रदर्शनात पहिली आल्यापासून ती असं काही ठासून बोलायची की समोरचा मान डोलावूनच मोकळा व्हायचा. शेवटी बाबांनी हात टेकले. तू म्हणशील तसं, म्हणाले. हे वाक्य तिनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि दोन दिवस ती जमिनीपासून चार बोटं वर चालत होती.

शनिवारी दुपारी वर्ध्याहून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुकेश बोर्ड घेऊन आला. पण आधी जुन्या नोंदी काढून ठेवायच्या होत्या, आणि त्या निघेनात. एक गाडी खाली व्हायची बाकी आहे, असं स्क्रीन सांगत होता. वर्षालीनं ती नोंद उघडली. अकरा वर्षांपूर्वीची, तान्ह्या पोळ्याच्या दिवसाची. गाडी: वर्षाली. माल: लाकडी बैल. भरती: तीस किलो. खाली: रिकामं.

तिला हसूच फुटलं. त्या दिवशी गावातली पोरं आपापले सजवलेले लाकडी बैल घेऊन काट्यावर यायची आणि वासुदेवराव गंमत म्हणून प्रत्येकाची चिठ्ठी फाडायचे. आधी बैलासकट, मग बैल उतरवून. वासुदेवराव म्हणजे काटा बसला त्या दिवसापासूनचे ऑपरेटर. पाच वर्षांची वर्षाली बैल घेऊन तशीच बक्षिसाला पळाली होती, दुसरं वजन न करता.

वासुदेवराव हसले नाहीत. राहू द्या, म्हणाले, जुनाच बोर्ड बरा हाय. बाबांनी विचारलं, काऊन? त्यावर ते चष्मा पुसत बसले.

भरतीपेक्षा कमी असेल तेच खाली वजन कॉम्प्युटर घ्यायचा, आणि वर्षाली आता पन्नास किलोची. मुकेशनं तोड काढली. तपासणीसाठी ठेवलेलं वीस किलोचं लोखंडी वजन त्यानं पाट्यावर नेऊन ठेवलं. बाहेरच्या लाल आकड्यांवर शून्य. आणखी एक ठेवलं. शून्य. पाच मिनिटांपूर्वी याच पाट्यानं सरकीचा ट्रॅक्टर बिनचूक तोलला होता.

"ज्याची भरती, त्याचंच खाली," वासुदेवराव म्हणाले. "वजनं ठेवून नाई चालत."

"मग मीच उभी राहते ना, काकाजी," वर्षाली म्हणाली. "कॉम्प्युटरले समजू द्या मी मोठी झाली म्हणून."

ती पाट्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ऊन चपलेतून वर येत होतं. कुठूनतरी ओल्या सरकीचा वास. आकडे लागले: पन्नास.

मग पंचेचाळीस.

"बाबा, काटा घसरून राह्यला."

खिडकीत बाबा स्क्रीनला डोळे लावून होते. घसरू दे, म्हणाले, तीसच्या खाली आला की घेतो. चाळीस. पस्तीस. वर्षालीनं हात निरखले, पोटरीला चिमटा काढला. सगळं होतं तिथंच होतं. चिमटा मात्र लागला नाही.

तीस.

तिनं उतरायचं ठरवलं. पाऊल उचललंच नाही. कोणी धरलं नव्हतं. ओढही नव्हती. पाऊल उचलायला जो जोर लागतो, तोच कुठं सापडेना.

पंचवीस. आत कॉम्प्युटर किणकिणला.

"घेऊन राह्यला," बाबा म्हणाले.

"बाबा, थांबा."

वीस. पंधरा. प्रिंटर करकरू लागला. सरकीचा वास गेला, ऊनही गेलं. समोर मात्र लख्ख दुपार होती.

पाच.

शून्य.

बाबांनी चिठ्ठी फाडून वाचली. भरती तीस, खाली शून्य, माल तीस. नोंदी भराभर उतरत होत्या. मुकेशनं डबा खोलायला हात घातला, तेवढ्यात रस्त्यावरून हॉर्न वाजला. एवढी गाडी करू, मग काढ बोर्ड, बाबा म्हणाले.

त्यांनी खिडकीतून पाट्याकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काटा रिकामा हाय," त्यांनी हात केला. "येऊ दे."

वर्षाली ओरडली. दोनदा.

बाबा वळून मुकेशला सांगत होते की बोर्ड बदलायचं चांगलं सुचवलंस बा, घरात तर हे समजणारं कोणीच नाई.

ट्रकचं पुढचं चाक पाट्यावर चढलं. पाटा हलला. तिच्या पायांना तो हलल्याचं कळलं नाही.

वासुदेवराव बाहेर आले. पाट्याच्या कडेला उभे राहून त्यांनी सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"गाडी आंगावरून गेली तरी लागत नाई, पोरी," ते हळूच म्हणाले. "पयले काही दिवस डोये मिटून घेत जाजो."