मृणालचा पहिला नवरा

"मला एक केळ पाहिजे."

"घड की फणी?"

"नाही... अख्खं झाड. उभं."

ललितनं हातातला पाइप खाली ठेवला. मृणाल खरं तर पुढच्या मळ्यात निघाली होती. स्कूटी पंक्चर झाली ती नेमकी बहादरपूरच्या या ललितच्या केळीच्या बागेपाशी.

"मांडवाला का मॅडम? मग दोन लागतील ना."

"एकच बस. मांडवाला नाही..." तिचे कान गरम झाले. "मंगळ आहे मला. आधी केळीशी लग्न लावायचं, मग ती कापायची. नवऱ्यावरचं मरण झाडावर जातं — असं म्हणतात."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही, नुसता बघत राहिला. आणि त्या बघण्यानं तिला उगाच रडू आलं. राजपुऱ्यातली इतिहासाची मास्तरीण, सात स्थळांनी नाकारलेली. आठवं खंडव्याचं, अट एवढीच. बाबा थकले होते, तीही थकली होती.

"चला, पसंत करा," तो म्हणाला. "टेन्शन नका घेऊ."

आता एक झाड पसंत करायला किती वेळ लागावा? बाईसाहेबांना चार दिवस लागले! शाळा सुटली की स्कूटी थेट बागेत. हे वाकडं, ते बारीक, त्याचं पान फाटकं...

"माणसातही एवढ्या खोडी काढता का?"

"माणसं माझ्यात काढतात. मला निवडायला कुणी सांगितलंच नाही कधी."

 ललितनं पाण्याची बाटली पुढे केली. घोट घेऊन तीच मग सांगू लागली, माणसाचं मरण रोपाशी जोडणं किती जुनं आहे ते — जुन्या इजिप्तमध्ये राजाच्या कबरीत ओसिरिस देवाच्या आकाराची चौकट ठेवत, तिच्यात माती आणि सातू. सातू उगवला की मेलेला राजा परत जगला!

"अरे, मग आपण नवरात्रात घटाला गहू पेरतो, ते?"

"तसंच काहीसं."

"क्या बात है," तो म्हणाला. बघत मात्र तो तिच्याकडेच होता, आणि तिनंही नजर वळवली नाही.

गुरुवारी सकाळी बागेतच लग्न लागलं. मृणालनं पसंत केलेल्या केळीला हार घातला. खंडव्याचा निलेश मोबाईल बघत उभा होता. त्याची आई म्हणाली, "काप रे भाऊ." ललितनं कोयता उचलला. त्याचा हात थरथरला, आणि ते फक्त मृणालनं पाहिलं. एका घावात खोड आडवं झालं.

मग शेडमध्ये पोहे, चहा, तारखेची बोलणी. दोन तासांनी सगळे निघाले, तर कापलेल्या बुंध्यातून चांगला चार बोटं हिरवा कोंब वर आलेला!

"अगं बाई! मेली नाही का ही?" निलेशची आई ओरडली.

"काकू, केळ अशी मरत नाही," ललित शांतपणे म्हणाला. "कापली की परत येते."

"मग खणून काढ! मुळासकट!"

ललितनं कोयता जमिनीवर ठेवला.  मृणाल निलेशकडे वळली. "तुम्हाला काय वाटतं?"

"मम्मी म्हणते तसं करून टाकू ना."

झालं! सात नकार पचवलेल्या मुलीच्या पोटातून एकदम हसू उसळलं. "माफ करा काकू. माझं लग्न झालंय, आणि नवरा जिवंत आहे. दुसरं कसं करू?"

खंडव्याची गाडी धूळ उडवत गेली. बाबा शेडमध्ये डोकं धरून बसले.

"तुम्हाला ठाऊक होतं, कोंब येणार?" मृणालनं ललितला विचारलं.

"केळीवाल्या सगळ्यांना ठाऊक असतं. मला म्हणाले काप, मी कापली."

"मग हात का थरथरला?"

ललितनं बोटांचा चीक पुसला. "वाटलं... तिथं मी उभा पाहिजे होतो."

"कापून घ्यायला?"

"हार घालून घ्यायला." तो घाईनं पुढे बोलला, "मंगळाची भीती नाही मला. पण तुम्ही आत्ताच एवढं सोसलंय. माझी घाई नाही. या केळीच्या बाजूला फुटलेल्या पिलाला, या नव्या रोपाला घड येईपर्यंत... वर्षभर थांबेन मी."

मृणालनं शेडकडे बघितलं. बाबांशी आज, आत्ताच बोलावं लागणार होतं, आणि तिला मुळीच भीती वाटत नव्हती.

"वर्षभर?" ती म्हणाली. "एवढं नको थांबूस."