मल्हारचं जावळ आणि जीवदर्शी दिवा

अशी कल्पना करा, की तुम्ही घरातला कंगवा हातात घेतला, त्यावर एक फवारा मारला आणि वरून छोटासा दिवा धरला. लगेच कंगवा चमकायला लागला. दादाने वापरलेले दाते पिवळे, आईने वापरलेले निळे, आणि मधले दोन दाते अशा रंगाचे, की तो रंग घरात कोणाचाच नाही. आता तो कंगवा डोक्याला लावाल का?

उत्तराची घाई नको. आधी संगमनेरला शाल्मलीच्या घरी जाऊ.

ही गोष्ट पुढच्या काळातली. शाल्मली अकरा वर्षांची आहे आणि धातू आणि बॅटऱ्या इतक्या महाग झाल्या आहेत, की केस कापायचं किंवा दाढीचं मशीन कोणी नवं घेतच नाही. सगळे वापरलेलंच घेतात, आणि सगळेच ते लपवतात. त्या लपवाछपवीतूनच जीवदर्शी दिव्याची भरभराट झाली. आपल्या कातडीवर असंख्य जंतू राहतात आणि प्रत्येक माणसाच्या अंगावर त्यांचं मिश्रण वेगळं असतं. फवाऱ्यातले बारीक कण या जंतूंना चिकटतात आणि दिव्याखाली चमकतात, प्रत्येक माणसाचा रंग निराळा. जंतू मेले, की चमक गेली.

युक्ती चांगली होती. पण लोकांनी काय केलं? डोळे, नाक आणि होती नव्हती तेवढी अक्कल त्या दिव्याच्या हवाली केली आणि मोकळे झाले. स्वतः बघायचं म्हणून कोणी बघेना.

त्या दिवशी शाल्मलीच्या धाकट्या भावाचं, मल्हारचं जावळ होतं. बाळाचे पहिले केस काढायचे ते मामाच्या मांडीवर बसवून, आणि पहिली बट मामानेच कापायची. त्यासाठी तुषारमामा राजूरहून एसटीने आला होता. पिशवीतून त्याने स्वच्छ फडक्यात बांधलेलं मशीन काढलं.

"नवं आहे का हो?" स्नेहलआत्याने विचारलं. ती पुण्याहून गाडी घेऊन आली होती आणि आल्यापासून खुर्चीवरून उठली नव्हती.

"नाही ताई, वापरलेलंच आहे. पण पातं चांगलं उकळून आणलंय."

"उकळून." आत्या बाबांकडे वळली. "ऐकलंस का दादा? बटाटे उकळतात, तसं."

बाबा हसले. आईने मान खाली घातली. भाऊ तिचा होता ना.

आत्याने मामाच्या मशीनवर फवारा मारला, दिवा धरला. मशीन नारिंगी उजळलं.

"घ्या. कोणाकोणाच्या दाढ्या करून आलंय कोण जाणे." तिने ते दोन बोटांनी बाजूला सारलं आणि पर्समधून चकचकीत डबी काढली. "मी आणलंय माझं." आतल्या मशीनला बोटही न लावता त्यावरही फवारा, दिवा. एक ठिपकासुद्धा चमकला नाही. "याला म्हणतात स्वच्छ. आणि तुषार, वाईट वाटून घेऊ नका, बाळाला मांडीवर मीच घेते. तुमचे कपडे एसटीतले."

"बरं," मामा म्हणाला. मशीन परत फडक्यात गुंडाळून तो दाराशी जाऊन बसला.

शाल्मलीला ते बघवेना. दिवा आणि फवारा उचलून ती मामाकडे गेली.

"मामा, हात दाखव."

मामाचा तळवा उजळला. नारिंगी. मग तिने फडकं सोडलं आणि मशीन नीट उलटंसुलटं करून पाहिलं. नारिंगी चमक होती ती फक्त मुठीवर. पातं कोरं होतं.

"बाबा, हा रंग मामाच्या स्वतःच्याच हाताचा आहे. पात्यावर काहीच नाहीये."

"शालू, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये."

शाल्मली थांबली नाही. तिने आत्याचं मशीन घेतलं, पातं वर करून खिडकीतल्या उजेडात धरलं. खालच्या फटीत आखूड, कुरळे केस अडकले होते. पांढरे.

"आत्या, हे केस बिस्किटचे ना?"

बिस्किट म्हणजे आत्याचा लाडका कुत्रा. आईने चमकून वर पाहिलं.

"उन्हाळ्यात त्याचे केस कापले होते एकदा," आत्या म्हणाली. "नंतर धुतलंय मी ते. आणि दिवा काय आंधळा आहे?"

दिवा आंधळा नव्हता, बाळांनो. त्याला शिकवलं होतं तेवढंच तो ओळखत होता, आणि शिकवलं होतं माणसाच्या अंगावरच्या जंतूंचं. कुत्र्याच्या कातडीवर एक बुरशी वाढते. ती माणसाला लागली, की गजकर्णाचे गोल चट्टे उठतात, आणि तान्ह्या डोक्यावर तर केसच झडतात. त्या बुरशीची त्या दिव्याला ओळखही नव्हती.

"बिस्किटच्या पाठीवर गोल चट्टा होता, त्याआधीच्या दिवाळीत मी पाहिलाय," शाल्मली म्हणाली. "तू त्याला मलम लावत होतीस." तिने त्या केसांवर फवारा मारला, दिवा धरला. अंधार. "बघा, एवढे केस समोर दिसतायत आणि दिवा म्हणतो, काही नाही."

"कंपनीतल्या शास्त्रज्ञांना कळलं नाही, ते हिला कळलं," बाबा म्हणाले. "स्नेहल, दिव्यात काही दिसत नाही ना? मग चालू कर तू."

"स्नेहलताई, जरा थांबा ना," आई म्हणाली. पण इतक्या हळू, की ऐकू आलं नाही असं दाखवणं सगळ्यांना सोपं गेलं.

आत्याने शाल्मलीच्या हातून मशीन ओढून घेतलं, मल्हारला मांडीवर घेतलं आणि बटण दाबलं. मशीन घुरघुरलं. मल्हार ती गंमत बघून हसला आणि त्याने आपणहून डोकं पुढे केलं.

शाल्मली पुढे झाली. तिने आत्याचं मनगट धरलं आणि मशीनचं तोंड बाळाकडून वळवून आत्याकडेच केलं.

"आधी तुझ्या मानेवर फिरव, आत्या."

"काय?"

"मागचे बारीक केस काढ थोडे. स्वच्छ आहे ना?"

आत्याचा मोकळा हात पटकन स्वतःच्या मानेवर गेला आणि तिथेच झाकण घातल्यासारखा राहिला. बाबांनी ते पाहिलं. दिव्याशिवाय काही बघण्याची बाबांची ती पहिलीच वेळ असावी.

शाल्मलीने मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताने तिने मल्हारला उचललं, कडेवर घेतलं आणि घुरघुरणारं मशीन आत्याच्या मानेसमोर तसंच धरून ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. तुम्ही त्या खुर्चीत असता, तर मानेवरचा हात काढला असता का?