गाठ होती, काढली

मला एक सांगा मंडळी, माणसानं विश्वास कुणावर ठेवावा? पोटात डोकावून आलेल्यावर, की दुकानाच्या दारात बसून बोलणाऱ्यावर?

बाजारातल्या किराणावाल्या काकूंची सून दोन महिन्यांची गरोदर होती. एका सकाळी पोटात अशी कळ आली की पोरगी पांढरीफटक पडली. डॉक्टरीणबाईंनी बेंबीतून दुर्बीण घातली. जीव दोन निघाले! एक गर्भाशयात, दुसरा भलत्याच जागी, नळीत. नळी फुटायच्या बेतात. दुसऱ्याला काढलं म्हणून सून वाचली, नि पहिलाही वाचला. बाईंचं काम चोख, त्यात खोट नाही.

खोट काकूंच्या जिभेत. "पोर काढलं म्हणून दवंडी पिटायची का? गाठ होती, काढली. बस!"

सून आधी विषय बदलायची. मग गिऱ्हाईकानं विचारलं की तीही म्हणू लागली, "गाठ होती, काढली." म्हटलं की भरलेली जखम आतून ओढली जायची, कुणी पदर धरावा तशी. शब्दच वाईट हो. गाठ काढता येते, तशी पडतेही.

सातव्या महिन्यात सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाई थबकल्या. बंद खोली, फिनेलचा उग्र वास, पंख्याची घरघर.

"बाळ एका कडेला चिकटून आहे... दर वेळी तिथंच. वाढ खुंटतेय."

"का हो?"

"अर्धी जागा रिकामी. जणू कुणाला... सरकून दिलीय."

बाहेर येताच सुनेनं सासूचा हात धरला. "आई, आता तरी दोन होती म्हणा... माझं हे तरी जगू द्या."

"बोललेलं गिळू? लोक तोंडात शेण घालतील!"

पोर जन्मली ती काडीसारखी, पण रडत होती. नर्सनं वजनाच्या काट्यावर ठेवली, नि काटा गरकन भलताच पुढे गेला.

"बिघडलाय मेला," काकू हसल्या. "दोन पोरांचं वजन दाखवतोय!"

नर्सनं पोर उचलली. काटा निम्माच मागे आला... नि थांबला.

खाटेवरून सुनेनं विचारलं, "आई... किती?"

उभा जन्म तराजूपुढे काढलेली बाई रिकाम्या काट्याकडे बघत राहिली.

"एक," ती म्हणाली.

नर्सच्या हातातलं रडणं थांबलं. काटा तसाच थरथरत राहिला... ओझं असल्यासारखा.

म्हणून हात जोडून सांगतो, हिशेब चोख ठेवा. घरची माणसं मोजताना कुणाला गाळू नका.