आठ कोरे बार

माझ्या पहिल्यावहिल्या सिम्फनीत एकच उणीव होती, ती पूर्ण झाली नव्हती. तिसऱ्या भागात आठ बार कोरे होते. बार म्हणजे स्वरलेखनातली दोन उभ्या रेघांमधली जागा. तिथे काय घालावं ते सुचेना, म्हणून मी वर पेन्सिलीने लिहून ठेवलं, ‘येऊ दे’. म्हणजे सुचेल तेव्हा येऊ दे. सूचना स्वतःलाच.

वादकांचे वेगवेगळे कागद आत्याने उतरवले. आत्याने जन्मभर नकाशे काढले, तिचं अक्षर छापल्यासारखं. तिने प्रत्येक कागदावर ठसठशीत शाईत ‘येऊ दे’ लिहिलं.

“अगं, ते माझ्यासाठी होतं!”

“मग स्वतःच्या डोक्यात लिहायचंस. तिथे जागा बक्कळ आहे.”

मी आमच्या हौशी वाद्यवृंदात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, वाजवतो; नाही वाजवला तरी चालतो. अशा माणसाची रचना कंडक्टरांनी बसवायला घेतली, हेच नवल. “अर्धवट आणलीस तर कार्यक्रमातून काढून टाकीन,” त्यांनी बजावलं होतं.

रविवारी सकाळी सभागृहात पहिली तालीम. ती जागा आली. सगळ्यांनी कागद वाचला, वाद्यं मांडीवर घेतली आणि शहाण्या मुलांसारखी वाट पाहिली. मी मान खाली घातली. आता माझी सिम्फनी गेली.

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडे कुठेतरी एक सूर लागला. खालचा, उबदार, तोंड मिटून गुणगुणल्यासारखा. बरोबर आठ बार. मग आमची बासरी अशी उठली, की जणू त्याचंच वाक्य पुरं करतेय.

“वा!” कंडक्टर म्हणाले. “बाहेर कोणाला बसवलंस?”

“आहे एक ओळखीचा.” संगीत सुचत नाही, पण खोटं मला चटकन सुचतं.

पुढच्या रविवारी सूर जिन्यातून आला. मी धावत जाऊन दार उघडलं. जिना रिकामा. सूर माझ्या खांद्याच्या उंचीवर होता, आणि माझ्यामुळे त्याचं काही अडलं नाही.

त्या आठवड्यात मी घाबरून ते बार स्वतःच भरले. कंडक्टरांनी पान पाहिलं आणि परत दिलं. “आहे ते बिघडवू नकोस. तुझ्या ओळखीच्याला सांग, जवळून जास्त छान वाटतं.”

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. तिसरा भाग. वाद्यं मांडीवर.

सूर सगळ्यात मागच्या रांगेतून निघाला.

तिथल्या कडेच्या माणसाने पाय आत घेतले. मग त्याच्या पुढच्याने. मग त्याच्या पुढच्याने. कोणी मागे वळून पाहिलं नाही. गाडीत कोणी पुढे जाताना आपण पाय आत घेतो, तितक्या सहज.

आत्याने मांडीवरची पर्स जवळ ओढली.

खरं सांगतो, मला इतकं समाधान कधीच वाटलं नव्हतं. सिम्फनी पूर्ण होत होती.

कंडक्टर अर्धं पाऊल बाजूला सरकले.

आठवा बार संपला. माझ्या शेजारी, एकाच स्टँडवरचे कागद पाहून माझ्याबरोबर वाजवणारी, पहिलीपासूनची माझी मैत्रीण. तिने स्टँड जरासा वळवला.

“दिसतंय ना तुम्हाला?” तिने हळूच विचारलं.

मला ती ‘अरे गाढवा’ म्हणते.