डाव्या पायाचा ठसा

बूट द्यायचे आणि परत यायचं, एवढंच काम होतं. समुद्राकाठच्या दोन खोल्यांच्या संग्रहालयात बुडालेल्या होड्यांचं नवं कपाट होणार होतं, आणि त्यासाठी मास्तरांनी थोरलीकडे तिच्या धाकट्या भावाचे बूट मागितले होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून संग्रहालयाचे सर्वेसर्वा मास्तरच. धाकटा गेल्या वादळात होडीसकट गेला. तो परत येणार नाही, ही गावाच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ होती. थोरलीच्या लेखी नव्हती. पण लोक फारच मागे लागले, तेव्हा एकदाची आली बापडी.

आत चुन्याचा आणि मुरलेल्या ओलीचा वास होता. काचेखाली दगड झालेले शिंपले, माशांचे काटे. खिडकीशी मास्तरांचा लाडका दगड, फरशीएवढा, राखाडी. त्यावर पावलाचा एकच ठसा. थोरली तिथेच थबकली.

"हा कुणाचा?"

"कुठल्याशा प्राण्याचा. चार बोटांचा. चिखलातून चालत गेला, चिखलाचा पुढे दगड झाला."

"हा आमचा धाकटा आहे."

"अगं, काहीतरीच काय..."

"डाव्या पायाची करंगळी होडीच्या नांगराच्या साखळीत गेली होती त्याची. पट्टी मी बांधलीय, मास्तर. मला त्याचा पाय शिकवू नका."

"पण हा लाखो वर्षांपूर्वीचा..."

"मग बराच उशीर झालाय त्याला."

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. थोरलीने बूट दगडाशेजारी ठेवले, वाकली आणि ठशात बोट घातलं. बंद खोलीतला तो दगड आतून ओला होता. पण तिने हात काही मागे घेतला नाही.

"ऊठ," ती हळूच म्हणाली. "बूट आणलेत. घरी चल."

मग बूट उचलून ती दाराकडे वळली. "कपाटात दुसरं काहीतरी ठेवा. माझा भाऊ इतिहासजमा झालेला नाही."

परतताना मागे वाळू करकरत होती. तिने वळून पाहिलं नाही. फक्त चाल जरा कमी केली, मागच्याला गाठता यावं म्हणून.

घरी येऊन तिने बूट उंबऱ्याशी ठेवले, दार उघडंच टाकलं आणि भात चढवला. दिवेलागणीला बाहेरच्या खोलीत कुणीतरी अनवाणी चाललं. धाकट्याच्या अंगाला डिझेलचा वास यायचा. हा वास चुन्याचा होता, मुरलेल्या ओलीचा.

ती दिवा घेऊन आली. बूट होते तसेच होते. त्यांच्या बाजूने ओली पावलं आत गेली होती, थेट कोपऱ्यातल्या खाटेपर्यंत. डावं पाऊल, चार बोटं. थोरलीचा ऊर भरून आला. घ्या म्हणावं मास्तर, आता बोला!

मग तिने उजवं पाऊल पाहिलं. त्यालाही चारच बोटं होती.

धाकट्याचा उजवा पाय धड होता.

अंधाऱ्या कोपऱ्यात खाट करकरली. "ताई..."

आवाज त्याचाच होता. जवळजवळ त्याचाच.

 आता एका बोटासाठी माघार घ्यायची, एवढ्यासाठी का ती साऱ्या गावाशी भांडली होती? तिने फडकं घेतलं, खाली बसली आणि उजव्या पायाचे ठसे तेवढे पुसून काढले. नीट, एकेक करून. डावे राहू दिले.

मग दार लावलं आणि दोन ताटं मांडली.

"जेवायला बस," ती म्हणाली. दिवा मात्र तिने वर उचलला नाही.