रुईफांगच्या बरणीतला खार

रुईफांग गेल्याचं कळलं तेव्हा थान शुहाय झिगाँगच्या भाजीबाजारात कोवळं आलं निवडत होता. गुलाबी देठांचं, नखाने साल निघेल असं. आदल्या दिवशी धाकट्या बहिणीकडे जाताना रुईफांगनेच बजावलं होतं, "आलं आणून ठेव. दोरे निघणारं नको. आणि नुसतं ठेव हं. बरणीत घालू नकोस."

"लग्न झाल्यापासून कधी घातलंय?"

"लग्नाआधी घातलास तो हात पुरे झाला," ती म्हणाली आणि हसत बसमध्ये चढली.

फोन त्या बहिणीचा होता. "दाजी… ताई सकाळी उठलीच नाही."

त्याने दोनदा विचारलं. तिने दोनदा तेच सांगितलं. भाजीवाली तागडी धरून ताटकळली होती. "आजोबा, घ्यायचंय की नाही?"

"घ्यायचंय," तो म्हणाला. त्याला सांगितलेलं काम तेवढंच होतं.

आलं घेऊन तो घरी आला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बरणी होती. भाजलेल्या मातीची, पोट सुटलेली, गळ्याभोवती पाण्याची खाच आणि त्या पाण्यात बुडवून बसवलेलं झाकण. जाण्याआधी रुईफांगने तिच्यात चवळीच्या शेंगा घातल्या होत्या. त्या आत जुन्या मिठाच्या पाण्यात, खारात, मुरत होत्या. झाकणाखालून हवेचा बुडबुडा आला आणि बुडुक असा आवाज झाला. शुहायने खाचेत पाणी भरलं, आलं टोपलीत ठेवलं आणि तो बस पकडायला निघाला.

त्या दोघांची ओळख खारामुळेच झाली होती.

तेव्हा शुहाय मिठाच्या कारखान्यात नुकता लागला होता. नदीकाठच्या गल्लीत आईबरोबर राहायचा. आई मामाकडे गेली होती. बाहेर पावसाची बुरबुर चालू होती आणि हा चुलीपाशी उभ्यानेच चरबी घातलेल्या नूडल्स खात होता. इतक्यात दारात एक मुलगी आली. हातात इनॅमलचा मग.

"काकू आहेत?"

"नाहीत. मी आहे."

"तुमचा काय उपयोग? मला खार हवाय."

ती आणि तिचे वडील गल्लीच्या टोकाला नवीन राहायला आले होते. सामान आणताना त्यांची बरणी हातगाडीवरून पडून फुटली होती. नव्या बरणीला विरजणासारखा जुना खार लागतो, आणि तो नसलेलं घर नीट लागलं असं त्या गावात कोणी मानत नाही. शेजाऱ्याने मागितला तर नाही म्हणायचं नसतं. पण खार काढायचा तो घरच्या बाईने, कोरड्या पळीने, तेलातुपाचा थेंब न लागलेल्या. काहींचा तर हातच बरणीला चालत नाही म्हणतात. शुहायला हे सगळं ठाऊक होतं. पण ती दारात उभी होती, तिच्या केसांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं आणि 'आई आल्यावर या' हे शब्द काही केल्या त्याच्या तोंडून निघेनात.

"मी देतो ना," तो म्हणाला आणि हाताशी आली ती पळी त्याने उचलली.

"पळी स्वच्छ आहे?"

"म्हणजे काय!"

ती नूडल्सची पळी होती.

काही दिवसांनी ती कारखान्याच्या फाटकावर उभी दिसली. शुहायने केसांवरून हात फिरवला. सोबतचे कामगार खोकले.

"अहो मीठवाले, हे बघा," तिने मगावरचं झाकण काढलं. खारावर पांढरी साय धरली होती. खाराला फुलं आली, असं म्हणतात त्याला. "मुलीला द्यायची फुलं हीच का?"

"मी… मला वाटलं—"

"काय वाटलं?"

"तुम्ही मला भेटायला आलात."

"आलेच आहे की. भांडायला." पण ती हसली. मग हसायची थांबली. "तुमच्या घरच्या बरणीचं काय?"

शुहायचा चेहरा उतरला. तो खार आजीच्या सासूच्या वेळचा होता. आणि आई उद्या येणार होती.

रुईफांग त्याच्यामागोमाग घरी आली. बाह्या वर सारल्या, हात धुतले, पळी उकळून पुसून कोरडी केली. अलगद साय काढली, मूठभर मीठ आणि सोललेला लसूण घातला.

"आता ज्वारीची दारू हवी."

"ही घ्या. ओतू?"

"हात मागे! तुम्ही बरणीपासून लांब उभे राहा."

"किती लांब?"

"दाराबाहेर गेलात तरी चालेल."

"तिथून तुम्ही दिसणार नाही."

तिने मान वर केली नाही. कानाची पाळी मात्र लाल झाली.

दुसऱ्या दिवशी आई आली, पिशवी ठेवली आणि आधी झाकण उचलून वास घेतला. काडीचं टोक बुडवून जिभेला लावलं.

"माझ्या बरणीत कोणाचा हात गेला?"

"माझा."

"तो कळलाच. त्याच्यानंतर कोणाचा गेला?"

शुहाय तिची पिशवी उचलून आत ठेवायला वळला.

"बाईचा हात आहे. आणि चांगला आहे," आई म्हणाली. "जेवायला बोलाव तिला. तू बरणीपासून लांब बस."

मग रुईफांग येत राहिली. कधी मुळा द्यायला, कधी खार न्यायला. एका संध्याकाळी भरलेला मग घेऊन ती निघाली आणि शुहाय पोचवायला गेला. गल्ली इतकी लहान, की पोचवायचं कारण नव्हतं. म्हणून दोघं नदीच्या पायऱ्यांवरून वळसा घालून निघाले.

"आईचं वय झालं," तो म्हणाला. "बरणीकडे बघायला कोणीतरी हवं…"

"मग बाई ठेवा कामाला."

"तसं नाही. म्हणजे… मलाही…"

"तुम्हालाही काय? फुलं आलीत?"

"हो," तो म्हणाला. "तुम्ही पहिल्यांदा दारात आलात तेव्हापासून."

ती इतकी हसली, की खार सांडून तिच्या बुटांवर गेला. मग ती थांबली. "एक अट आहे. माझ्या बरणीत जन्मात हात घालायचा नाही."

"कबूल."

"अरे, विचार तर कर…"

तिने त्याला 'अरे' म्हटलं ते पहिल्यांदा.

शब्द त्याने पाळला. मुळे धुवायचा, मीठ आणायचा, खाचेत पाणी भरायचा. झाकण तिचं. ती तापाने पडली तरी शेजारणीला हाक मारायची, त्याला झाकणाला हात लावू द्यायची नाही. पाहुण्यांना सांगायची, "खार घालवला यानेच. पण माणूस बरा निघाला."

ती गेल्यावर घर माणसांनी भरलं होतं, तेव्हाही कोपऱ्यातून मधूनच बुडुक आवाज यायचा. शुहाय बोलता बोलता थांबून ऐकायचा. पुढे आवाज बंद झाला. टोपलीतलं आलं सुकून गेलं. पाणी मात्र तो रोज भरत राहिला.

छिंगमिंगला, थडगी झाडायच्या दिवशी, मुलगी मिनमिन चेंगदूहून आली. दोघांनी रुईफांगच्या थडग्यावरचं गवत काढलं, तिच्या आवडीच्या भाताच्या वड्या ठेवल्या, तिला पोचावेत म्हणून कागदी पैसे जाळले. घरी आल्यावर मिनमिनने पिशवीतून काचेचा रिकामा सट काढला.

"बाबा, आईचा खार दे. मला माझी बरणी लावायचीय."

"बाजारात मिळतो की."

"बाजारातला आईचा असतो का?" तिने झाकणाकडे हात नेला.

"थांब."

"का?"

"आत तिच्या शेंगा आहेत."

मिनमिनचा हात तिथेच राहिला. "बाबा… वर्ष होत आलं. एव्हाना लगदा झाला असेल. नुसतं पाणी भरून खार टिकत नाही. त्यात काहीतरी घालावं लागतं."

"मग तूच काढ. तुझा हात चालतो. आईच म्हणायची."

"नाही. तू काढ. आता ही बरणी तुलाच बघायची आहे."

"मला परवानगी नाही. लग्न ठरलं तेव्हाच कबूल करून घेतलंय तिने."

मिनमिनला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. निघताना तिने सट बरणीशेजारी ठेवला. "मन होईल तेव्हा काढ. फोन कर, मी न्यायला येते."

आता पुन्हा कोवळ्या आल्याचे दिवस आलेत. शुहायने बाजारातून गुलाबी देठांचं आणलंय, दोरे नसलेलं. पळी उकळून पुसून ठेवलीय. रोज हात साबणाने कोपरापर्यंत धुतो, स्टुलावर बसतो, खाचेत पाणी भरतो आणि उठतो.

झाकण उचललेलं नाही. मिनमिनसाठी खार काढायचा राहिला आहे.